गळा नसलेलं जनावर

"अब्बा!" म्हणून नबीला ताडकन उठली आणि तिच्या मांडीवरची खेकड्याची नांगी घरंगळत महंमदच्या चपलेपाशी येऊन थांबली.

महंमद तिथं आला होता सुरीला धार लावायला. शेजारच्या बनाबाईच्या परसात एक काळा गुळगुळीत दगड होता. त्याच्यावर घासली की सुरीला अशी धार चढायची की बघायला नको. आणि त्याच दगडाच्या आडोशाला आपली पोटुशी सून पाटावर बसून, मनगटापर्यंत रस्सा माखून खेकडे खात असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. नबीलाच्या तोंडात घास होता. तो गिळावा की थुंकावा हे तिला कळेना.

बनाबाई मधे पडली. "मुलाणीदादा, पोरीला बोलू नगा. म्याच बलिवलं तिला. तिच्या पोटात दुसरं काय ठरतच न्हाई."

सुरी तशीच बोथट घेऊन महंमद घरी परतला आणि ओट्यावर बसून राहिला.

महंमद कामथडीचा मुलाणी. आसपासच्या वाड्यावस्त्यांत जत्रा असो, जावळ असो, नवस असो, बोकडाला सुरी त्याचीच लागायची. मराठ्यांच्या घरचं मटणसुद्धा मुलाण्यानं 'बिस्मिल्ला' म्हटल्याशिवाय चुलीवर चढत नसे. बापजाद्यांपासून चालत आलेलं होतं ते. त्यामुळे उभ्या जन्मात महंमदनं जेवढी जनावरं आतून बघितली तेवढी माणसंही बाहेरून बघितली नसतील. त्यानं जनावरांची आपल्यापुरती वर्गवारी करून टाकली होती. एक, गळा असलेली जनावरं. बोकड, कोंबडं, मेंढरू. त्यांना सुरी लावायची. दुसरा मासा. तो अल्लाकडूनच गळा कापून आला, कल्ले ही त्याचीच खूण, असं त्याच्या आज्यानं सांगितलं होतं. त्याला सुरीची गरज नाही. आणि तिसरी, गळाच नसलेली. खेकडा, गोगलगाय, किडामुंगी. त्यांच्या वाटेला जायचं नाही. या तीन खणांत सगळी सृष्टी व्यवस्थित बसत होती आणि महंमद त्यात सुखी होता.

घोळ झाला तो मुलाच्या, वसीमच्या लग्नापासून. वसीम टेम्पो घेऊन वरंध घाट उतरायचा, महाडकडे भाजी टाकायचा, आणि तिकडच्याच खाडीकाठच्या गावातली मुलगी त्यानं पसंत केली. नबीला गुणाची होती, नमाजी होती, पण तिच्या माहेरी खेकडे, तिसऱ्या, कोळंबी सगळं रांधत होते. तिच्याकडचा मसलक, म्हणजे धर्म पाळायची रीत, वेगळा, महंमदच्या घरचा वेगळा. लग्न ठरवताना कापडचोपड, जेवणावळ, सगळ्यावर बोलणी झाली. खेकड्याचा विषय कुणाला सुचला नाही.

आता तिला सातवा लागला होता आणि अंगावर मांस म्हणून नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला वजनकाट्याकडे बघून मान हलवायच्या. बाळंतपणाला माहेरी पाठवावं तर तिला आई नव्हती. जे काही व्हायचं ते याच घरात व्हायचं होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी महंमदनं बायकोला विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय," कुलसुम पीठ मळता मळता म्हणाली.

"आन बोलली न्हाईस?"

"भांडं माझं न्हाई, चूल माझी न्हाई. मग तुमच्या घराचा नेम मोडला कुठं? तुमचा नेमबी राखला आन पोरगीबी जगवली. तुमी दोन्हीपैकी येक तरी केलं का?"

महंमद चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारू लागला.

"आता तर शेजारीबी जायची न्हाई ती," कुलसुम पुढे म्हणाली. "तुमी बघितल्यापास्नं भात चिवडतीया निस्ता. वसीमला इचारलं तर म्हनतो, अब्बा म्हनतील तसं. आता म्हना काय म्हनायचं ते."

म्हणणं सोपं नव्हतं. ज्या मुलाण्याच्या स्वतःच्या घरात नेम पाळत नाहीत, त्याच्या बिस्मिल्लाला काय किंमत, असं उद्या कुणीही म्हटलं असतं. त्यात जमातीचे कारभारी अजहरभाई. त्यांच्या सायकलच्या दुकानात शिरलेली बातमी पंक्चर काढून होईस्तोवर नसरापूरला पोचायची. महंमदची सगळी इज्जत त्याच्या सुरीवर आणि त्याच्या शब्दावर होती. दुसरी इस्टेट नव्हती.

तो पहिल्यांदा मशिदीत मौलानांकडे गेला. मौलाना बाहेरगावचे, तरुण, बोलायला मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिच्या मसलकमध्ये जायज आहे. ती खाते त्यात तिला गुनाह नाही," ते म्हणाले. "तुमच्यात नाही, तर तुम्ही खाऊ नका."

"आन माझ्या घरात शिजवला तर?"

मौलाना हसले. "घर तुमचं आहे, महंमदभाई."

याला काय उत्तर म्हणतात? महंमदला हवं होतं हो किंवा नाही. रस्त्यानं येता येता त्याच्या डोक्यात आलं, की खेकडा जर मुळात मासाच निघाला तर? मग प्रश्नच मिटला. आणि हे सांगणारा माणूस त्याच्या ओळखीचा होता.

हमरस्त्यापलीकडच्या हायस्कुलात इंद्रजितसर विज्ञान शिकवायचे. दर वर्षी पोरांना दाखवायला ते महंमदकडून बोकडाचं काळीज मागवून घेत. या वर्षी महंमद न मागता काळीज घेऊन हजर झाला. पळसाच्या पानातली पुडी टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, खेकडा मासा असतो का वो?"

"नाही."

"जरा इचार करून सांगा की."

सरांना हसू फुटलं, पण माणूस अडचणीत आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांनी कपाट उघडलं. काचेच्या बरण्यांत कसलेकसले जीव पांढरेफटक होऊन बसले होते. महंमद पुढे सरकला. जन्मभर जनावरं उघडलेला माणूस तो; बंद बरणीतलं जनावर त्यानं पहिल्यांदाच बघितलं.

"हे बघा. सगळ्यात आधी दोन गट. पाठीचा कणा असलेले आणि नसलेले. बोकड, कोंबडी, मासा, बेडूक, तुम्ही, मी, सगळे कण्याचे."

"मासा आन मी येका खणात?"

"एका खणात. आणि बिनकण्याचे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त."

"ग्रामपंचायतीत बघतोयच की," महंमद म्हणाला. "मग खेकडा?"

"बिनकण्याचा. ह्याचे पाय बघा, सांध्यासांध्यांचे. अंगावर कवच. कोळंबी, विंचू, झुरळ, मधमाशी, सगळी ह्याची भावकी."

"तोबा!" महंमदनं कानाला हात लावला. "झुरळ आन खेकडा भावकी? सर, तुमी तर माझं कामच बिघडवलं." पण त्याची नजर बरण्यांवरून हलेना. आपल्या तीन खणांच्या मागे एवढं मोठं कोठार आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं शेवटच्या बरणीवर बोट ठेवलं. आत भोकंभोकं पडलेला पिवळट गोळा होता. "ह्ये काय? घासणी?"

"स्पंज. हाही प्राणीच."

"ह्येला तोंड कुठंय?"

"आपल्यासारखं तोंड नाही."

"काळीज?"

"नाही."

"रगत? डोळं? पाय?"

"काहीच नाही. एकदा दगडाला चिकटला की जागचा हलत नाही."

महंमदनं बरणी उचलून उजेडाकडे धरली, फिरवून बघितली, खालून बघितली. "मग सर, ह्येला जनावर म्हनायचं कशावरनं? झाडच की ह्ये."

प्रश्न चांगला होता. सर खुर्चीवर बसले. "झाड आपलं अन्न आपण तयार करतं. ऊन, हवा, पाणी मिळालं की झालं. ह्याला ते येत नाही. पाण्याबरोबर जे वाहत येईल ते गाळून आत घ्यायचं, खायचं. बाकीही खुणा आहेत, बारीक, सूक्ष्मदर्शकाखालच्या. पण मोठी खूण ही. प्राणी कुठलाही घ्या, त्याला खावंच लागतं. खाणं बाहेरून मिळालं नाही तर तो मेला."

"कुठलाबी?"

"कुठलाही. वाघ असो नाहीतर हा."

महंमदनं बरणी हळूच खाली ठेवली. आता त्याला त्या गोळ्याची दया आली. ना हात, ना पाय, कुणाकडे मागायची सोय नाही. दगडाला चिकटून बसायचं आणि पाणी काय घेऊन येतंय त्याची वाट बघायची. घरी नबीला तशीच बसली होती. घाटापलीकडून आणून आपण तिला या घराला चिकटवली आणि वर तिच्यापुढे तेच ठेवलं जे तिच्या पोटात ठरत नव्हतं. आपण जनावरं कापतो, राखतो, त्यांचं दाणापाणी बघतो, आणि घरातली पोर काय खाते हे आपण एकदाही विचारलं नाही, या विचारानं महंमदला मनापासून लाज वाटली.

"खेकडा खावा का नाही, ते मात्र माझ्या पुस्तकात नाही हं," सर म्हणाले.

"न्हाई, कळलं मला," महंमद म्हणाला आणि उठला.

बाजाराच्या दिवशी तो सरळ फुलाबाईपुढे जाऊन उभा राहिला. ही पाली गावची बाई, राजगडाखालच्या ओढ्यांतले खेकडे लव्हाळ्यात बांधून आणायची. मुलाण्याला बघून तिनं डोळे बारीक केले. "कुनासाठी वो?"

"घरला पायजेत. चांगली भरलेली दे."

तिनं पिशवी मागितली. पिशवी बगलेत होती, पण महंमदनं दिली नाही. लव्हाळ्याची जुडी हातात लोंबती धरून, मधल्या आळीतून, अजहरभाईंच्या दुकानापुढून तो चालत आला. दुकानात कुणीतरी पान्हा खाली ठेवल्याचं त्याला ऐकू आलं. त्यानं मान न वळवता चाल तशीच ठेवली.

घरी आल्यावर वेगळीच पंचाईत उभी राहिली. जिवंत जीव महंमदच्या हाताखालून गेल्याशिवाय भांड्यात पडला, असं त्या घरात आजवर झालं नव्हतं. सवयीचा गुलाम माणूस. त्यानं खेकडा पाटावर ठेवला, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं, सुरी घेतली आणि गळा चाचपू लागला. खेकड्याला गळा सापडू द्यायची इच्छा नव्हती. तो आडवा पळाला. महंमदनं पुन्हा सरळ केला, तो पुन्हा आडवा. शेवटी त्यानं महंमदच्या अंगठ्याला असा काही धरला की सुरी एकीकडे, पाट एकीकडे आणि मुलाणी "अगं आई गं" करत अंगणात.

दारात खुदकन आवाज झाला. नबीला होती. तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती. कितीतरी दिवसांत तिचं हसू त्या घरानं ऐकलं नव्हतं.

"अब्बा, त्याला गळा नसतो."

"ठावं हाय मला! सरांनी सांगितलंय. झुरळाची भावकी हाय ती."

"सोडा, मी करते." तिनं पुढे होऊन बोटाच्या चिमटीत खेकडा मागून धरला. अंगठा सुटला. महंमद अंगठा चोखत तिच्यासमोर उकिडवा बसला. तिनं कवच कुठून उचलायचं ते दाखवलं, कल्ले दाखवले.

"अरं! ह्येलाबी कल्लं हायत?" तो वाकून बघायला लागला. "सरांनी ह्ये न्हाई सांगितलं."

कुलसुमनं परसात तीन दगड मांडून ठेवले होते आणि जुनं पातेलं काढून दिलं होतं. घरच्या चुलीचा नेम तरी शाबूत राहील, अशी तिची तजवीज. नबीला मसाला वाटून पातेलं घेऊन मागच्या दाराकडे निघाली.

"कुठं चाललीस?" महंमद म्हणाला.

"परसात, अब्बा."

"परसात कशाला? वारं सुटलंय. आत चुलीवर ठेव."

कुलसुमनं नवऱ्याकडे बघितलं. मग चुलीवरचा तवा उतरवला आणि जागा करून दिली.

दिवेलागणीला खोबऱ्याच्या वाटणाचा वास आळीभर झाला. नबीला मधल्या घरात जेवायला बसली. महंमदनं आपली भाकरी आणि पिठलं उंबऱ्याशी घेतलं. रश्शाला त्यानं बोट लावलं नाही आणि तिनंही आग्रह केला नाही. ती जेवत होती आणि पाठीमागून येणारा एकेक आवाज तो ऐकत होता.

तेवढ्यात अजहरभाई आले. येणारच होते. बरोबर आणखी एकजण होता. ओट्यापाशी थांबून त्यांनी नाक वर केलं. "महंमदभाई, वास कसला येतोय हो?"

आतला आवाज बंद झाला. ताटलीवर बांगडी टेकल्याचा तेवढा किणकिणाट आला, मग तोही थांबला.

महंमदनं घास गिळला.

"खेकडं हायत," तो आळीला ऐकू जाईल असं म्हणाला. "सूनबाई जेवतीया. बसा. तिचं व्हऊ द्या, मंग कुलसुम च्या टाकंल."

अजहरभाई उभेच राहिले. बरोबरचा माणूस खाली बघू लागला. महंमदनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि सावकाश खाऊ लागला.

थोड्या वेळानं आतून नांगी फोडल्याचा आवाज आला.