काट्याला हात

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. दुकानोदुकानी काटे तपासायचे, खोटा सापडला की जप्त करायचा. लाच घेतली नाही, म्हणून बदल्या मात्र भरपूर मिळाल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आमचं शिलाई मशीनसकट पाठीवर होतं. निवृत्तीला सहा वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पंगतीत वाढलेला लाडूसुद्धा हे आधी तळहातावर जोखतात आणि मग खातात.

परदेशात लेकीकडे आलो, तेव्हा पहिल्याच शनिवारी तिने ह्यांना बाजाराच्या तोंडाशी थांबवून बजावलं, "बाबा, इथे कुणाच्या काट्याला हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही."

"मी कशाला बघतोय?" हे म्हणाले. तेवढ्यात दोन काटे बघून झाले होते, ते मी पाहिलं.

लेकीची भाजीवाली ठरलेली होती, कोपऱ्यावरची. लेक इथे नवीन आली तेव्हा तिला भाषेचा गंध नव्हता. या बाईने एकेक भाजी उचलून दाखवत तिला नावं शिकवली, चुकली की हसली आणि पुन्हा शिकवली. अजूनही हिच्यासाठी कोवळी भाजी बाजूला काढून ठेवते. या गावात लेकीला नावाने हाक मारणारं पहिलं माणूस ही बाईच. जावई सोडून, पण ते तर महिन्यातले वीस दिवस फिरतीवर.

मी टोमॅटो निवडून दिले. भाषा येत नसली म्हणून टोमॅटो मला फसवू शकत नाही. भाजीवालीने पिशवी पारड्यात ठेवली, बरोबर एक किलोचा आकडा आला, आणि पिशवी तिने ह्यांच्या हातात दिली. ह्यांचा चेहरा बदलला.

"अगं, हे सव्वा किलो भरतंय."

"मग चांगलंच आहे की," मी कुजबुजले. "चला गुपचूप."

"चांगलं कसं? बाई बुडतेय!"

मी कोपराने ढोसलं, पण तोवर हे भाजी मांडलेल्या फळीला वळसा घालून पलीकडे गेले आणि सरळ काट्याला हात घातला.

भाजीवाली आधी दचकली, मग तापली. भर बाजारात एखादीच्या काट्याला हात लावणं म्हणजे तिला चोर म्हणणं, त्याला भाषा लागत नाही. ती मोठमोठ्याने बोलू लागली. रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. एक बाई तर हातातले कांदे ठेवून निघूनच गेली. लेकीने जोडलेलं एवढं एक माणूस, तेही ह्यांनी घालवलं!

"बाबा, इकडे या. आत्ताच्या आत्ता."

हे ऐकतील तर शपथ. पिशवी पुन्हा पारड्यात ठेवली. एक किलो. मग पारड्याच्या कडेला लागलेला बटाट्यांचा क्रेट चार बोटं मागे सरकवला. आकडा उडी मारून सव्वा किलोवर गेला. क्रेट पुढे, एक किलो. मागे, सव्वा.

"पारडं क्रेटला टेकलंय," हे लेकीला म्हणाले. "थोडा भार क्रेटच उचलतोय. ही बाई सगळ्यांना फुकट वाटत बसलीय. सांग तिला."

लेकीने माफी मागून ह्यांना ओढत नेलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. प्रत्येक बदलीला नव्या शाळेत एकटीने डबा खाल्लाय तिने, ह्यांच्याशी आठ-आठ दिवस अबोला धरलाय. पण ती फळीला वळसा घालून ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्या भाषेत बोलू लागली. दोन वाक्यांत काम झालं असतं. ती बोलतच राहिली.

भाजीवालीने स्वतः क्रेट पुढे-मागे करून पाहिला. मग कपाळाला हात लावला, खळखळून हसली आणि ह्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. हे अवघडले. आजवर दुकानदारांनी ह्यांची फार तर कॉलर धरली होती. जास्तीचे टोमॅटो हे परत करू लागले, तर तिने ते पुन्हा पिशवीत कोंबले.

हे पिशवी घेऊन पुढे निघाले, तशी मी लेकीला गाठलं. "काय एवढं सांगत होतीस गं तिला?"

"म्हटलं, हे माझे बाबा. ह्यांच्यामुळे आम्ही कुठल्याच गावात टिकलो नाही." ती थांबली. "आणि कुठलंच गाव सोडताना आम्हाला मान खाली घालावी लागली नाही."

माझे डोळे भरून आले. "हे त्यांना कधी सांगितलंयस? मराठीत?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग भराभर चालत पुढे गेली, ह्यांना थांबवलं आणि गर्दीच्या ऐन मध्यावर उभं राहून सांगितलं. हे ऐकत राहिले. मी जवळ पोचले तेव्हा मला एवढंच म्हणाले, "पिशवी धर जरा." आणि लेकीला जवळ घेतलं.