बारीक नळीचा जोर

सत्तर-एकाहत्तर साली कोल्हापुरात काचपेटीतले मासे म्हणजे अप्रूप. हंबीररावांनी स्टँडजवळ खानावळ काढली, तेव्हा गल्ल्याशेजारी तशी पेटी हवीच म्हणून हटून बसले. मासे आयते घरात होते. सुनेने, शालनने, लग्नानंतर त्या घरात स्वतःचे म्हणून काय वाढवले असेल तर तेवढेच. तिला न विचारता ते बादलीत घालून नेले.

पेटीतले घाण पाणी पंपाने वरच्या गाळणीत चढायचे आणि स्वच्छ होऊन खाली पडायचे. पंपाची जाड नळी हंबीररावांनी काढायला लावली आणि करंगळीपेक्षाही बारीक नळी आणली.

"मामंजी, एवढ्याशा नळीतनं पाणी पुरायचं न्हाय. मासं गुदमरतील."

"अगं, उसाला पाणी पाजण्यात जन्म गेला माझा! पायपाचं तोंड दाबलं की पाणी लांब जातंय. मला शिकवतीस व्हय?"

शालनने मागच्या दारी त्याच पंपाने बादली भरून दाखवली, आधी जाड नळीने, मग बारीक नळीने. जाड नळीने ती काठोकाठ भरली तेवढ्या वेळात बारकीने निम्मीही झाली नाही. पण बारकीची धार उडून भिंतीला लागली, आणि हंबीरराव बादली सोडून भिंतीकडेच बघत राहिले.

"जोर बघ की, जोर!"

तिचा नवरा सयाजी शेजारीच होता. त्याने बादली बघितली होती. "आबांचा शब्द हाय," म्हणून तो निघून गेला.

उद्घाटनाला गर्दी लोटली. गाळणीतून पाणी जेमतेम ठिबकत होते. मासे वर येऊन तोंडे उघडत होते.

"पावणं, बघा, रामराम करत्यात तुमास्नी!" हंबीरराव ओरडले. तांबड्या रश्श्याच्या वाट्या हातात धरून मंडळी हसली.

शालनने नळीला हात घातला, तोच सयाजीने मनगट धरले. "चारचौघांत नको."

सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते.

"मोटरच मरतुकडी," हंबीरराव म्हणाले. मोठा पंप आला, नळी तीच राहिली. "तुझ्या हाताला गुण हाय, पोरी. नवं मासं तूच निवड."

"प्लास्टिकचं आणा," शालन म्हणाली. "त्यास्नी पाणी कमी पडत न्हाय."

हंबीररावांना ते मनापासून पटले. पुढे कितीतरी वर्षे गिऱ्हाइके पोरांना कडेवर घेऊन ते मासे दाखवत. शालनने पुन्हा काही पाळले नाही. दारात मांजर आले तरी हाकलून द्यायची.