ऐंशीची पट्टी

चौऱ्याण्णवची संक्रांत होती. विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली होती, दंगलीच्या भीतीनं शहर दबकून बसलं होतं. मी एका लहान रुग्णालयाच्या रक्तपेढीत कारकून होतो.

रक्तदात्यांची यादी नुकतीच कॉम्प्युटरवर चढवली होती. मशीन फार हळू चाले, म्हणून त्याची मेमरी वाढवायला मला दुकानात पाठवलं होतं. दुकानदारानं दोन तऱ्हेच्या पट्ट्या पुढे ठेवल्या, साठच्या आणि ऐंशीच्या. त्याआधी वीस वर्षं मी चिकलठाण्याच्या कारखान्यात मोटारींचं स्टोअर सांभाळलं होतं. तिथं मोटारीवरचा आकडा मोठा तितका वेग जास्त. अनोळखी माणसाला प्रश्न विचारणं मला जमत नाही. ऐंशीच्या घेतल्या. साठच्या पट्टीवर नऊ चिप होत्या, हिच्यावर आठ. नववी चिप चूक पकडते, पण तिच्यावाचूनही चालतं, असं सांगून त्यानं मशीनमधली ती तपासणी बंद करायला शिकवलं.

संक्रांतीच्या दुपारी एका मासिकात वाचलं की हा आकडा वेगाचा नव्हे, लागणाऱ्या वेळेचा. मोठा आकडा म्हणजे मंद पट्टी. मशीन घाई करतं, पट्टी मागं पडते, आणि अक्षर भलतंच उमटतं. मी यादी दोनदा छापली. तीन ओळी वेगळ्या निघाल्या. उद्या गुपचूप दुरुस्त करू, असं ठरवलं.

संध्याकाळी पाचोडहून पुतळाबाईला आणलं. बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह हवं होतं, पेढीत एकही बाटली नव्हती. यादीत एकच नाव होतं, शेंद्र्याचे साहेबराव. रक्त देण्याआधी तपासतातच; पण चुकीचा माणूस आणला तर तास जाणार, आणि पुतळाबाईकडे तास नव्हता. त्यात शेंद्र्याच्या वाटेवर, जालना रोडवर, दगडफेकीची आवई होती.

"बाबा, पत्त्याची चिठ्ठी द्या की," ड्रायव्हर भिकन म्हणाला. "अंधार पडल्यावर मला कोण सोडतंय?"

मी चिठ्ठी मुठीतून सोडली नाही.

"डॉक्टरसाहेब, यादी खोटी आहे," मी म्हणालो. "पट्टी मी चुकीची आणली."

खरं कुठं लिहिलंय, एवढंच डॉक्टरांनी विचारलं. दात्यांनी हातानं भरलेले फॉर्म माळ्यावर होते. गठ्ठे खाली ओढून आम्ही जमिनीवर बसलो. साहेबरावांचा फॉर्म निघाला: ओ पॉझिटिव्ह. भिकननं कपाळाला हात लावला.

बऱ्याच वेळानं पुंडलिकनगरच्या राजाबाईंचा फॉर्म हाती आला. यादीत त्या पॉझिटिव्ह होत्या; फॉर्मवर ओ, पुढं आडवी रेघ. ती रेघ की घडीची खूण? मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. फॉर्म नर्स गीताबाईंकडे दिला.

"निगेटिव्हच हाय, काका," त्या म्हणाल्या. "पळ रं भिकन."

राजाबाई अर्ध्या तासात आल्या. रक्त तपासलं, जुळलं. मी दाराबाहेरच उभा राहिलो; आत बघायचा धीर नव्हता. बऱ्याच वेळानं गीताबाई बाहेर आल्या. रक्त थांबलं होतं, पुतळाबाई शुद्धीवर येऊन पाणी मागत होती. मी जाऊन जमिनीवर पसरलेले फॉर्म गोळा करायला लागलो.