उठलात की मी थांबतो

मी एक जुना खटका आहे. दाराचा नव्हे, दिव्याचाही नव्हे. बसून चालवायची गवत कापायची गाडी असते ना, तिच्या सीटच्या पोटाशी मी राहतो. मित्रांनो, मला जगातली एकच गोष्ट कळते: वर कोणी बसले आहे की नाही. बसले असेल तर गाडी चालू. उठले की मी ती लगेच बंद करतो, कारण खाली पाती गरगरत असतात आणि गवत कोणते, बोटे कोणती, हे त्यांना कळत नाही. जन्मभर हेच केल्यामुळे वर कोणी उठले की माझे बोलणेही मध्येच तुटते. तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक खटका अंगठ्याने दाबून बघायच्या. मी टुणकन वर आलो, तशा त्या हसल्या आणि

(काका उठले. वाटेत दगड दिसला.)

तर, काका. एका मोठ्या निवासी शाळेचे मैदान ते राखत. अंगाने भरभक्कम. ते बसले की मला शंकाच उरत नसे. गाडी काढण्याआधी ते मैदानभर पायी फिरून दगड, काटक्या, पोरांनी विसरलेले चेंडू वेचत. तरी एखादा नजरेतून सुटायचाच. पोरे जवळ आली की त्यांना आधी व्हरांड्यात पिटाळत, मगच पाती फिरवत. पाहुणे यायचे, हिरवळीचे कौतुक करायचे, गाडीच्या लाल रंगाचेसुद्धा करायचे. माझे कोण करणार? एकदा तर

(काका उठले. चहा आला.)

असो. यंदा काका शिडीवरून पडले आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. गवत थोडेच कोणासाठी थांबते? ते घोट्याच्या वर आले. तेव्हा काकू पुढे झाल्या. त्याही शाळेतच कामाला, रोपे सांभाळायच्या. एवढी झाडे वाढवली, एक गाडी चालवायला काय जाते, असे म्हणत त्या सीटवर बसल्या आणि माझी पंचाईत झाली. काकू म्हणजे काडीपैलवान. सपाटीवर ठीक. पण जरा उंचवटा आला, त्या जराशा उडाल्या, की मला वाटायचे, उठल्या वाटते

बंद.

पुन्हा सुरू करून चार पावले जातात न जातात तोच

बंद.

उताराच्या पायथ्याशी काका प्लास्टिकच्या खुर्चीत पाय पसरून बसत आणि तिथूनच सूचना सोडत: उतारावर आडवी घालू नकोस, सरळ वर ने, सरळ खाली आण, मागे घेताना मान वळव. काकू सगळे ऐकत. गाडी मात्र ठेचकाळत राही. संध्याकाळपर्यंत काकू घामाघूम झाल्या आणि निम्मे मैदानही झाले नव्हते.

काकांना ते बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू घरात होत्या, तेवढ्यात ते कुबड्या टेकत आले, सीट उलटली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी माझ्यावर करकचून बांधली. मी दाबला गेलो तो गेलोच. काकूंना त्यांनी पत्ता लागू दिला नाही. आता बिचारीला आराम पडेल, या खुशीत शीळ घालत ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

आणि मग गाडी चालली ती चाललीच, काकू उडाल्या तरी चालली, खळग्यातून चालली, काकू खूश, काका खूश, मी तेवढा गुदमरलेला, कारण मला आता कोणी बसले काय आणि उठले काय सारखेच, आणि उताराच्या माथ्यावर पाण्याची नळी आडवी दिसली तशा काकू ती उचलायला उतरल्या, ब्रेक नाही, किल्ली नाही, पाती चालूच, कारण आपण उठलो की गाडी आपोआप थांबते हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि गाडी थांबली नाही, काकूंचा पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच ती पुढे निघाली आणि उताराला लागली, वर रिकामी सीट, खाली गरगरती पाती, समोर काका, ज्यांना पळता येत नव्हते, आणि मी जीव तोडून वर येऊ पाहत होतो आणि पट्टी मला येऊ देत नव्हती आणि काकांनी स्वतःला खुर्चीतून झोकून दिले आणि ते गवतात गडगडत गेले आणि गाडी खुर्चीवर चढली आणि खुर्चीचा पाय पात्यांत अडकला आणि

थांबली.

काकू धावत आल्या त्या आधी काकांकडे. हात चाचपले, बोटे चाचपली. प्लास्टरवर हिरवा डाग पडला होता, बाकी काका शाबूत. मग काकूंनी किल्ली काढून घेतली आणि सीट उलटली.

"हे कोणी बांधलं?"

"तुला त्रास होत होता," काका आडवे पडूनच म्हणाले. "सारखी बंद पडत होती."

"अहो, तुमचा पाय मोडला म्हणून मी गाडी शिकले. माझा गेला असता, तर कोण शिकणार होतं?"

काका एवढेच पुटपुटले, की खुर्ची तशी जुनीच झाली होती. काकूंना हसू फुटले, आणि हसता हसताच त्यांनी पदराने डोळे टिपले.

पट्टी त्यांनी स्वतः कापली. कापताना त्यांना दिसले, की सीटखालच्या दोन स्प्रिंगा पुढेमागे सरकवता येतात. इतकी वर्षे त्या काकांच्या वजनाला धरून लावलेल्या होत्या. बदलायचे कोणाला सुचलेच नव्हते. काकूंनी त्या दुसऱ्या टोकाला सरकवल्या आणि बसून पाहिले. काकू हलक्या होत्या, पण होत्या. मला नीट कळत होते.

मित्रांनो, कुठलेही यंत्र मध्येच थांबले तर त्याचे तोंड बांधू नका. ते का थांबले, ते आधी बघा. आणि मी आहे म्हणून माझ्यावर विसंबूही नका. काकू आता पाती थांबवतात, ब्रेक लावतात, किल्ली खिशात टाकतात आणि मगच पाय खाली ठेवतात. माझ्यासाठी त्या काही कामच शिल्लक ठेवत नाहीत, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही.

परवा त्यांची चिमुरडी नात आली. आजीच्या मांडीवर बसून एक फेरी हवीच, म्हणून तिने भोकाड पसरले. काकू बधल्या नाहीत. काम उरकून गाडी छपराखाली आली, थंड झाली, किल्ली घरातल्या खिळ्यावर गेली, तेव्हा कुठे नातीला सीटवर बसवले. माझ्यावर कोणीतरी पिसासारखे येऊन टेकले. नातीने दोन्ही हातांनी चाक धरले आणि तोंडाने घर्रर्र सुरू केले. काकूंनी त्यात आपला आवाज मिसळला. काका शेजारून ओरडले, जरा हळू घ्या, पुढे उतार आहे. बघता बघता आम्ही सगळ्यांनी मिळून अख्खे मैदान कापून काढले, आणि गवताची एक काडीसुद्धा हलली नाही.