हिरड्यांतले सात किडे

बाजारामागच्या गाळ्यातली रांग पार जिन्यापर्यंत आली होती. जो तो गाल धरून उभा. आत दंतमहाराज कापसाचा बोळा हिरडीवर फिरवून वाटीतल्या गरम पाण्यात सोडत, चमच्याने ढवळत आणि पांढरे किडे वळवळू लागत. "अरे बापरे!" गर्दी म्हणे. मीही म्हटलं. जन्मभर भोंदूंची टिंगल केलेला मी, नातीचं मनगट धरून रांगेत होतो.

करणी माझीच. तिच्या दातांना तारा बसवलेल्या. डॉक्टरीणबाईंनी तारेखालून दोरा ओवून रोज फटी साफ करायला सांगितलं होतं. दोऱ्याला रक्त दिसलं आणि मी दोऱ्याची डबी कचऱ्यात टाकली. "दोऱ्याने दात हलतात, बाळा." कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. महिन्याभरात हिरड्या सुजून तारांना टेकल्या. "पंधरा दिवसांत सूज उतरली नाही, तर तारा काढाव्या लागतील," बाई म्हणाल्या. सूनबाईपासून हे लपवून मी इथे आलो.

"लोखंड किड्यांना आवतण देतं!" महाराज गरजले. "आ कर, बेटी!"

सात किडे निघाले. सातही एकाच मापाचे. शिस्तीची जमात असावी.

नातीने एक उचलून हुंगला. "आजोबा, याला पुदिन्याचा वास येतोय."

"किड्याला?"

"माझ्या दोऱ्याला यायचा तसाच. तुम्ही फेकलात ना, तो."

तिने ताटातला कोरा बोळा उलगडला. आत कात्रीने कापलेले दोऱ्याचे सात तुकडे.

"पापी नजरेने किड्यांचा दोरा होतो!" महाराज ओरडले.

"अन् तोंडात जाण्याआधीच होतो होय?" मागून एक आजीबाई म्हणाल्या. रांग हसली. मला हसू येईना. त्या भोंदूने निदान दोरा तोंडापर्यंत आणला होता. मी तो कचऱ्यात घातला होता.

"रक्त दोऱ्याने नाही, साचलेल्या घाणीने येतं," तिथून थेट दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "रोज हलक्या हाताने साफ करा, थांबेल." अकराव्या दिवशी दोरा पांढरा निघाला. तारा वाचल्या.

सूनबाईला सगळं सांगितलं. नवी डबी तिने माझ्या हातात न देता मुलीच्या हातात दिली.

तेव्हा मंडळी, हिरडीतून रक्त आलं तर दंतवैद्य गाठा. आणि महाराज असो की घरातला म्हातारा, ठासून बोलू लागला की एकदा विचारा, "कशावरून?" नात मला रोज विचारते. विचारायलाच हवं.