मरीफील्डवरची कोरी दुपार

सुतळीची गाठ – एवढीशी, घट्ट – खाटकाने पुडीवर मारली, उरलेलं टोक कापलं, तरी रॉब क्रोझरची नजर त्या गाठीवरच राहिली, कारण मान वर केली की खाटीक पुन्हा तेच सांगायला लागणार... आणि तो लागलाच.

"आयर्लंडचे तिघं तुमच्या पाठीवर. आणि तुम्ही त्यांच्यासकट रेषेपलीकडे चेंडू टेकवलात. माझे वडील मरेपर्यंत सांगायचे."

"चिखल होता म्हणून," रॉब म्हणाला. "घसरत गेलो, झालं."

दुकानातले सगळे हसले. हे वाक्य सगळ्या सेल्कर्क गावाला आवडायचं. चिखलाचं आपल्याला कुणी सांगितलं होतं? बहुधा वर्तमानपत्राने...

पुडी काखेत धरून तो उतार उतरू लागला. स्कॉटलंडकडून आपण पुढे आठ वर्षं रग्बी खेळलो, स्क्रमच्या, म्हणजे डोक्याला डोकं भिडवून ढकलणाऱ्या घोळक्याच्या, पहिल्या फळीत – कार्डिफला मोडलेलं बोट आठवतं, पॅरिसचं बर्फासारखं गार पाणी आठवतं, कानाला कान घासत ढकलणाऱ्या कुणाच्या तोंडाचा कांद्याचा वासही आठवतो. आठवत नाही तो फक्त मरीफील्डच्या मैदानावरचा पहिला सामना, ज्यामुळे लोक मला ओळखतात. धावत मैदानात आलो, पहिलं स्क्रम, कुणाचा तरी गुडघा डोक्यात – आणि मग एकदम घरचं स्वयंपाकघर, बायको इझबेल चहा ओतता ओतता म्हणतेय, आज काय खेळलास रे. मधे काही नाही. काळोखसुद्धा नाही. बाकीचं लोकांकडून ऐकून ऐकून जमवलेलं. मग तिघांना पाठीवर घेऊन गेला तो कोण? त्याच्या नावाच्या टाळ्या मी घेतल्या, आणि तो अजून तिथेच, त्या पावसात...

वॉटी ग्लेंडिनिंगच्या दारात त्याची बायको नॅन उभी होती. तिने पुडी घेतली. "बस जा. आज स्वारी बोलण्याच्या लहरीत आहे."

वॉटी खिडकीशी बसला होता, छातीपर्यंत घोंगडी. स्क्रममध्ये वर्षानुवर्षं रॉबचा उजवा हात याच्याच पाठीवर आवळलेला असायचा. आता त्या पाठीचं काही उरलं नव्हतं.

"खाटकाने आज परत तो चेंडू रेषेपलीकडे टेकवायला लावला," रॉब म्हणाला.

वॉटी हसला, खोकला, बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "तुला त्यातलं काहीच आठवत नाही ना?"

रॉबने कप बशीत ठेवला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. सामन्यानंतर आंघोळीच्या हौदात माझ्याशेजारी बसून सारखं विचारत होतास – म्हातारा बसमध्ये चढला का, कोट आणलाय का त्याने."

"कुठला म्हातारा?"

"तुझा बाप, रॉब."

बापाला त्या सामन्याच्या आदल्याच हिवाळ्यात पुरलं होतं. पेटी खाली सोडताना डोक्याकडचा दोर रॉबच्या हातात होता. पोराच्या अंगावर स्कॉटलंडचा निळा सदरा त्याने पाहिलाच नव्हता.

"मग तू काय म्हणालास?"

"चढला म्हणालो. खिडकीजवळ बसलाय. दुसरं काय सांगणार?" वॉटी बाहेर, एट्रिक नदीकडे बघत होता. "तर म्हणालास, त्याने पाहिलं रे, वॉटी. कठड्याशी उभा होता, टोपी काढून."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलास?"

"तू चिखलाचं इतकं झकास सांगायचास."

आतून नॅनने पुन्हा चहा हवा का म्हणून विचारलं. रॉब निघायला उठला.

परतीच्या चढावर रॉब मधेच थांबला. गुडघ्यामुळे, असं एका बाईला त्याने सांगितलंही. म्हणजे तो, तो दुसरा, ज्याचा मी इतकी वर्षं हेवा करत आलो – त्याने बापाला पाहिलं होतं... त्या एकट्याने. आठवणीतल्या त्या कोऱ्या जागेशी जाताना रॉबला नेहमी एकच भीती वाटायची, की आत कुणीच नसेल. आता आत कुणीतरी होतं, कठड्याशी, टोपी काढून, मैदानाकडे तोंड करून उभं, आणि इतक्या उशिरा, असं म्हाताऱ्या तोंडाने समोर गेलं तर ते आपल्याला ओळखेल का, हे त्याला कळेना.