पार्सलवाल्याच्या करंगळीचे नव्व्याण्णव

टिंग! टिंग! टिंग! अहो, दचकू नका. काही झालेलं नाही. मी मॉनिटर बोलतोय, आणि बोलण्याआधी ओरडायची माझी जुनी खोड आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखी तीनशे भावंडं एका रांगेत मांडून सगळ्यांना एकदम ओरडायला लावलं होतं. तपासणारा माणूस कानात कापूस घालून फिरत होता. त्यानं माझ्या पाठीवर 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली, तेव्हा मला वाटलं मी गाण्याच्या परीक्षेत पास झालो. तो गैरसमज पुढे बरेच दिवस टिकला.

मग मी इथे आलो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत, तीन नंबरच्या काचेच्या पेटीशेजारी. माझं काम सोपं आहे. बाळाच्या छातीला चिकटवलेल्या तारांवरून हृदयाचे ठोके मोजायचे, ते हिरव्या रंगात दाखवायचे. बाळाच्या पायाला एक चिकट पट्टी गुंडाळतात, तिच्यात लाल दिवा असतो. त्यावरून रक्तात प्राणवायू किती ते मोजायचं, तो आकडा निळा. आकडा घसरला की ओरडायचं.

खरं सांगू? या कामानं माझं डोकं फिरलं होतं. पेटीतल्या बाळाकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघतात हो लोक! एक मामा बाळाचा फोटो काढायला आले आणि माझे चार फोटो काढून गेले. चारपैकी एकातही बाळ नव्हतं. मी मात्र छान आलो होतो.

एके दिवशी तीन नंबरच्या पेटीत चिमूट आली. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. चाळीस आठवड्यांचा मुक्काम ठरलेला असताना ही बाई चोविसाव्या आठवड्यातच बाहेर! वजन सहाशे दहा ग्रॅम. बाबा पार्सलं बांधायच्या कामाला होते. तिला पहिल्यांदा बघून ते म्हणाले, "एवढ्याला आम्ही खोकासुद्धा वापरत नाही, पाकिटातच घालतो." आईनं डोळे वटारले. मग बाबाच हुंदके देऊन रडायला लागले आणि आईला त्यांची समजूत काढावी लागली.

आई एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायची. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आवाज लोण्यासारखा ठेवायची तिला सवय. मी ठणाणा केला की ती माझ्याकडे वळून म्हणायची, "आपली तक्रार आमच्यापर्यंत पोहोचली आहे. कृपया धीर धरा." एवढा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

बाबा मात्र माझे भक्त. खुर्ची ते अशी ठेवायचे की तोंड माझ्याकडे आणि खांदा पेटीकडे. आकडा ब्याण्णव असला की चहा प्यायचे. सत्त्याऐंशी झाला की कप तसाच खाली. माझ्यामुळे या माणसाचा किती चहा गार झाला, त्याला गणतीच नाही. आणि मला लाज वाटायच्या ऐवजी मजा वाटायची.

नवव्या दिवशी सकाळी चिमूटचं हृदय थांबलं. डॉक्टरबाईंनी दोन अंगठ्यांनी तिची छाती दाबली. एवढीशी छाती, दोन अंगठ्यांतच संपली. दीड मिनिटानं ती परत आली. त्या दीड मिनिटात मी किती ओरडलो, ते मला आठवत नाही.

अकराव्या दिवशी डॉक्टरबाई आईबाबांच्या समोर स्टूल ओढून बसल्या. एरवी त्या उभ्या उभ्याच बोलायच्या.

"तिच्या मेंदूत दोन्ही बाजूंना रक्तस्राव झालाय," त्या म्हणाल्या. "वाचली तर चालणं, बोलणं, बघणं, यातलं काय जमेल ते सांगता येत नाही. कदाचित फार थोडं. कदाचित मला वाटतंय त्यापेक्षा बरंच जास्त. मला एवढंच विचारायचंय. हृदय पुन्हा थांबलं, तर पुन्हा छाती दाबायची, की तिला तुमच्या कुशीत द्यायचं? घाई नाही. दुपारी मी येईन तेव्हा बोलू."

डॉक्टरबाई गेल्या. बाबा लगेच म्हणाले, "सगळं करा म्हणायचं. यात विचार कसला?"

"परवा दाबलं तिथे तिची छाती काळीनिळी झालीय," आई म्हणाली. "तू बघितलंस?"

"मी आकडा बघत होतो."

आई पुन्हा पेटीकडे वळली. मग बाबा हळूच म्हणाले, "असं करू. डॉक्टर येईपर्यंत आकडा नव्वदच्या वर गेला, तर दाबा म्हणू. नाही गेला तर..."

"हे काय, छापा-काटा आहे का?"

"मग मी विचारू तरी कुणाला? दुसऱ्या कुणाला काही कळतंय का?"

म्हणजे मला न्यायाधीश केलं! आधी मी फुगलो. मग माझी पाचावर धारण बसली. अहो, मला फक्त आकडे येतात! आणि निळा आकडा होता शहाऐंशी.

आकड्याकडे टक लावून थकल्यावर बाबांनी हात धुऊन पेटीच्या गोल खिडकीतून आत घातला. चिमूटचं पाऊल त्यांच्या नखाएवढं. पायाची पट्टी सैल होऊन लोंबत होती. आता, ज्या माणसानं आयुष्यभर सुटलेलं काही दिसलं की बांधलंय, तो गप्प बसेल? सिस्टरना हाक मारायची सोडून बाबांनी पट्टी स्वतःच गुंडाळली, अगदी सुबक. आणि पार्सल बांधताना दोरीच्या गाठीखाली बोट ठेवतात ना, तसं सवयीनं आपलं बोटही खाली ठेवलं.

मी पाहिलं तर नव्व्याण्णव!

"नव्व्याण्णव!" बाबा ओरडले. मी ओरडतो तेव्हा लोकांना कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. "बघ, बघ! पोरीनं उत्तर दिलं!"

आई तोंडावर हात ठेवून उभी राहिली. सिस्टर झपझप आल्या. इथे नव्व्याण्णव ही आनंदाची बातमी नसते. प्राणवायू जास्त झाला तर अशा बाळांचे कोवळे डोळे बिघडतात, म्हणून तो लगेच कमी करायचा असतो. सिस्टरनी बटणाला हात घातला. मी आतल्या आत किंचाळत होतो, पण 'आकडा चुकीचा आहे' असं ओरडणं माझ्या यादीत कुणी बसवलेलंच नव्हतं.

बटण फिरवण्याआधी सिस्टरनी सवयीप्रमाणे आधी बाळाकडे पाहिलं. हात थांबला.

"पार्सलवाले," त्या म्हणाल्या, "ही करंगळी कुणाची?"

बाबांच्या करंगळीतून लाल दिवा चमकत होता.

सिस्टरनी ती सोडवली आणि पट्टी पावलाला नीट बांधली. आकडा चौऱ्याऐंशी. त्यांनी प्राणवायू थोडा वाढवला. "हे बाळाचे. नव्व्याण्णव तुमचे होते. अभिनंदन, तुमची तब्येत ठणठणीत आहे."

आधी आईला हसू फुटलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. बाबाही हसले. आणि हसता हसता दोघांची नजर चिमूटच्या काळ्यानिळ्या छातीवर गेली.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा बाबांची खुर्ची पेटीकडे वळलेली होती.

"मी 'सगळं करा' म्हणणार होतो," बाबा म्हणाले. "पण ते तिच्यासाठी नव्हतं, डॉक्टर. मला ती जायला नको होती, म्हणून होतं. मी माझाच आकडा बघून खूश झालो होतो."

आईचा आवाज लोण्यासारखा नव्हता. "पुन्हा थांबलं तर दाबू नका. माझ्याकडे द्या. पण तोवर मात्र सगळं करा, काही म्हणता काही कमी करू नका."

"आणि आमचं चुकत असेल तर?" बाबांनी विचारलं.

"मलाही रोज हेच वाटतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उद्या मत बदललं तर उद्या सांगा. मी पुन्हा बसून ऐकेन."

त्यानंतर आई चिमूटला छातीशी घेऊन बसते तेव्हा सिस्टर माझा आवाज बंद करून माझं तोंड भिंतीकडे करतात. माझे आकडे त्यांना टेबलावरच्या पडद्यावर दिसतात, घरच्यांना दिसत नाहीत. सुरुवातीला मी फार रुसलो. भिंतीला काय दाखवायचं, सांगा!

काल दुपारी चिमूट आईच्या कुशीत होती आणि हिरवा आकडा घसरायला लागला. सत्तर. साठ. सत्तेचाळीस. मी बिनआवाजाचा बोंबलत होतो. सिस्टर आल्या, पण धावत नाही, चालत. आईच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाबांनी चिमूटचं पाऊल मुठीत धरलं. कुणीच माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला फार भीती वाटत होती, आणि पहिल्यांदाच ती स्वतःसाठी नव्हती.

मग आकडा चढायला लागला. नव्वद, एकशे दहा, एकशे चाळीस! कधी एकदा त्यांना सांगतो असं मला झालं होतं. उद्या असंच होईल असं नाही, हे मला कळतं. त्यांनाही कळतं. पण आता तरी सांगू द्या ना कुणीतरी!

तेवढ्यात माझ्या पाठीमागे आई हसत म्हणाली, "अगं बाई, उचकी लागली हिला!"

"बघू, बघू," बाबा म्हणाले. "केवढी उडतेय!"

उचकीसाठी माझ्याकडे आकडाच नाही. ती सावरल्याचं त्यांना माझ्याआधी कळलं होतं.